शेवंताबाईची मूठ

एका गावात एक म्हातारी होती आणि तिच्या हातची एकच भाकर साऱ्या मंडळीला पुरायची.

गावाच्या कडेला, ओढ्यापाशी, एक बसकं दगडी चर्च होतं. आजूबाजूला ख्रिस्ती माणसांची थोडी घरं. सगळी घरं मिळून झाली ती मंडळी. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन असायचं. पाळकसाहेब मेजावरची भाकर मोडायचे आणि एकेकाच्या हातावर तिचा तुकडा ठेवायचे.

ती भाकर कशी करायची, याची त्या मंडळीत एक रीत होती. फार पूर्वी एका दुष्काळात कुणाच्याच घरी भाकरीपुरतं पीठ उरलं नव्हतं. तेव्हा प्रत्येक घरानं डबा खरवडून मूठभर पीठ आणलं आणि सगळ्यांच्या पिठाची मिळून एक भाकर झाली. पुढं चांगले दिवस आले, डबे भरले, पण रीत तीच राहिली. आदल्या शनिवारी म्हातारी परात घेऊन घरोघरी जायची. घरातली बाई आपल्या हातानं मूठभर गव्हाचं पीठ परातीत घालायची. रविवारी सकाळी म्हातारी ते मळायची आणि दोन बोटं जाड, गोल, खरपूस भाकर भाजायची.

भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब मेजापाशी उभे राहून विचारायचे, "नामीबाई, सगळ्या घरची मूठ आली का?"

पुढच्या बाकावरून म्हातारी म्हणायची, "आली, साहेब."

मगच भाकर मोडली जायची.

नामीबाई मनानं प्रेमळ होती. कुणाचं मूल आजारी असलं तर रात्रभर उशाशी बसायची. फक्त तिची जीभ जरा पुढं धावायची. गमतीचं काही सुचलं की ते तोंडातच ठेवणं तिला जमायचं नाही.

तिची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे शेवंताबाई. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, मागंपुढं दोघींनाही वैधव्य आलं. शेवंताबाईचं घर ओढ्यापलीकडं, सगळ्यात शेवटी. नामीबाईची परात शेवटी तिच्याच दारात यायची, मग दोघी ओट्यावर बसून चहा प्यायच्या.

शेवंताबाईला गाण्याची फार आवड. आवाज मोठा, मोकळा. पण ती सगळ्यांच्या थोडी मागून गायची. मंडळीचं गीत संपायचं, ढोलकी थांबायची, आणि मग शेवंताबाईची शेवटची ओळ एकटीच यायची. डोळे मिटून गात असल्यानं बाकीचे थांबलेत हे तिला कळायचंच नाही.

एकदा कापणीच्या सणासाठी गाण्याची तालीम चालली होती. गीत संपलं, आणि नेहमीप्रमाणे शेवंताबाईची ओळ मागून आली. नामीबाईच्या जिभेवर एक गंमत आली आणि ती सुटली.

"शेवंते, अगं, आम्ही आमेन म्हणून घरी जाऊन जेवतो, तेव्हा कुठं तुझं गाणं संपतं! एक कर, तू आदल्या रविवारीच सुरू कर. म्हणजे आमच्याबरोबर पोचशील."

सगळे पोट धरून हसले. शेवंताबाईही हसली. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं बाई."

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

कुणी विचारलं तर नामीबाई सांगायची, "तिचे गुडघे धरलेत. ओढा उतरून येणं होत नाही." असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. पण काहीतरी सांगायला हवं होतं, आणि खरं कारण तिला सांगवत नव्हतं.

महिना संपत आला. शनिवारी नामीबाई परात घेऊन निघाली. घरं घेत घेत ओढ्यापाशी आली. पलीकडं शेवंताबाईचं दार दिसत होतं, उघडंच होतं. नामीबाई एका दगडावर उभी राहिली. पाण्यातून जायला पाऊल उचललं आणि परत ठेवलं.

'काय म्हणू तिला? तोंडावर दार लावलं तर? आणि ती उपासनेलाच येत नाही, तर मूठ तरी कशाला देईल?'

ती मागं फिरली. घरी येऊन स्वतःच्या डब्यातून एक मूठ काढली, ती परातीत घातली. मग जरा वेळ थांबून आणखी एक घातली. 'पीठ ते पीठ,' ती स्वतःशी म्हणाली. 'गव्हाला कुठं घर कळतं?'

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "नामीबाई, सगळ्या घरची मूठ आली का?"

"आली, साहेब," नामीबाई म्हणाली. नेहमीपेक्षा जरा लवकरच म्हणाली.

भाकर मोडली गेली. तुकडा तिच्याही हातावर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिच्या घशाखाली उतरेना. पाण्याबरोबर गिळावा लागला.

उपासना सुटल्यावर ढोलकी वाजवणारे शांतवनबाबा ढोलकीवर खोळ चढवत बसले होते. नामीबाई जवळून जाताना ते म्हणाले, "नामीबाई, एक सांगू? आपलं गाणं आता अगदी वेळेवर संपतं."

"मग चांगलंच की, बाबा."

"चांगलंच. पण संपल्यासारखं वाटत नाही. मी ढोलकीवर हात ठेवून बसतो आणि वाट बघतो. मग आठवतं, कुणी येणार नाही." त्यांनी खोळीची नाडी आवळली. "गुडघ्यांना उतार पडला का तिच्या? माझ्याकडं तेल आहे. नेऊन देईन म्हणतो."

नामीबाई झपझप घरी गेली.

त्या महिन्यात तिला करमलं नाही. चहा केला की हात आपोआप दुसरी कपबशी काढायचा. गमतीचं काही सुचलं तरी ते सांगायला कुणी नव्हतं. पाण्याला गेली की ओढ्यापलीकडं नजर जायची. दार उघडं असायचं. पण जितके दिवस जात होते तितका ओढा रुंद होत होता. गुडघाभर पाणी, पण तिला ते पार होईना.

पुन्हा मुठी गोळा करायचा शनिवार आला. पुन्हा ती त्याच दगडावर उभी राहिली आणि पुन्हा माघारी आली. पुन्हा स्वतःच्याच डब्यातली जास्तीची मूठ.

रविवारी चर्च भरलं होतं. मेजावर शुभ्र कापडावर भाकर ठेवलेली, अजून ऊन. सगळ्यांनी गीत म्हटलं. गीत संपलं, ढोलकी थांबली. शांतवनबाबांचा हात ढोलकीवर तसाच राहिला. नामीबाईनं ते पाहिलं.

"नामीबाई," पाळकसाहेबांनी विचारलं, "सगळ्या घरची मूठ आली का?"

नामीबाईचे ओठ हलले. 'आली' म्हणायला कितीसा वेळ लागतो? एवढा एक शब्द म्हटला असता तर भाकर मोडली गेली असती, कुणाला काही कळलं नसतं, आणि सगळे सुखानं घरी गेले असते. पण तो तुकडा पुन्हा हातावर येणार होता. तो घेऊन ती कुठं जाणार होती?

ती उठून उभी राहिली.

"नाही, साहेब."

मागच्या बाकावर कुजबुज चाललेली होती, ती थांबली.

"शेवंताची मूठ नाही. तिच्या जागी मी माझीच घातली. मागच्या महिन्यातही तेच केलं आणि 'आली' म्हणाले. तिचे गुडघे चांगले आहेत. मी तिला सगळ्यांसमोर बोलले, ते तिला लागलं. तिच्या दारात जायची मला लाज वाटली."

पाळकसाहेबांनी मेजावरच्या भाकरीकडं पाहिलं. मग कापडाचं टोक उचलून ती झाकली.

"नामीबाई, तुम्ही बोललात, पण हसलो आम्ही सगळेच. मीही हसलो होतो. आणि एवढे दिवस तो बाक रिकामा होता, मी इथून दर रविवारी बघत होतो. गुडघ्यांचं ऐकलं आणि गप्प बसलो. मलाही वाटेत ओढा आडवा आला, दुसरं काय?" त्यांनी दाराकडं हात केला. मग म्हणाले, "जा तुम्ही. आम्ही बसलोय."

नामीबाई बाहेर पडली. चपला घालायचंही भान राहिलं नाही. ओढ्यात उतरली, लुगडं भिजलं, पलीकडं चढली.

शेवंताबाई ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. ओल्या लुगड्यानं, धापा टाकत आलेल्या मैत्रिणीकडं तिनं पाहिलं.

"कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग उपासना सोडून अशी काय पळत आलीस?"

नामीबाई तिच्यासमोर खाली जमिनीवरच बसली. वाटेत तिनं पुष्कळ काही बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं काही आठवेना.

"शेवंते, चुकलं गं माझं. जीभ घसरली ती घसरली, वर तुझ्याकडं आलेही नाही. मूठ मागायलासुद्धा आले नाही."

शेवंताबाई उठून आत गेली. बाहेर आली ती हातात एक वाटी घेऊन. वाटीत मूठभर पीठ होतं.

"दोन्ही शनिवारी काढून ठेवली," ती म्हणाली. "दार उघडं ठेवून बसले. तू ओढ्यापर्यंत येताना दिसायचीस. दगडावर उभी राहायचीस आणि मागं फिरायचीस. मला वाटलं, माझं गाणं नको झालं तशी माझी मूठही नको झाली मंडळीला."

नामीबाईला रडू कोसळलं. शेवंताबाईनं तिला पोटभर रडू दिलं. मग शेंगांची पाटी बाजूला सरकवत म्हणाली, "आता एक सांग. परवा शांतवनबाबा आले, ओट्यावर तेलाची बाटली ठेवली आणि 'रोज चोळा' म्हणून निघून गेले. काय चोळा, कुठं चोळा, काही नाही. हा काय प्रकार?"

नामीबाईनं डोळे पुसले. "तुझे गुडघे धरलेत म्हणून सांगितलं होतं मी."

"माझे गुडघे? अगं भवाने, गुडघे तुझे कुरकुरतात! मी ते तेल भाजीला घालणार होते!"

मग दोघी हसल्या. एवढ्या हसल्या की शेवंताबाईच्या हातातली वाटी हलली आणि थोडं पीठ सांडलं.

"चल," नामीबाई म्हणाली, "सगळे खोळंबलेत."

"पण भाकर तर भाजून झाली असेल. ही मूठ आता कुठं घालशील?"

याचा विचार नामीबाईनं केलाच नव्हता. दोघी तशाच निघाल्या, वाटी पदराखाली झाकून.

चर्चच्या दारात सगळे त्यांचीच वाट बघत होते. शेवंताबाई बुजून मागं राहिली. पाळकसाहेब पुढं झाले. "सलाम, शेवंताबाई."

"सलाम, साहेब. मूठ आणलीय. पण उशीर झाला."

पाळकसाहेबांनी वाटीत पाहिलं. मग मंडळीकडं वळून म्हणाले, "कुणाला घाई आहे का?"

कुणालाच नव्हती.

"मग आपापल्या घरी जा आणि पुन्हा एकेक मूठ घेऊन या."

त्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तरी चर्च सुटलं नव्हतं. बाया घरी गेल्या आणि मुठी घेऊन परत आल्या. चर्चसमोरच्या लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडली. नामीबाईनं सगळ्यात आधी शेवंताबाईपुढं परात धरली, मग बाकीच्यांपुढं, आणि शेवटी स्वतःची एकच मूठ घातली. पीठ शेवंताबाईनं मळलं. आधीची भाकर लहान पोरांना वाटून दिली, कारण त्यांना भुका लागल्या होत्या आणि ती तेवढ्यासाठी अगदी चांगली होती.

नवी भाकर एका बाजूला जरा करपली. मेजावर ठेवल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "नामीबाई, सगळ्या घरची मूठ आली का?"

नामीबाईनं शेजारी बसलेल्या मैत्रिणीकडं पाहिलं. "आली, साहेब."

नामीबाईच्या वाट्याला नेमका करपलेला तुकडा आला. तो तोंडात विरघळला.

शेवटचं गीत झालं. सगळे एकदम थांबले, ढोलकी थांबली. शांतवनबाबांनी हात ढोलकीवर ठेवला आणि डोळे मिटले. आणि मग, थोडी मागून, मोठ्या मोकळ्या आवाजात, शेवंताबाईची ओळ आली. कुणी हसलं नाही. ती ओळ सावकाश चालत चालत शेवटापर्यंत गेली.

मग सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं.

आता त्या दोघी म्हाताऱ्या हयात नाहीत. भाकर दुसरीच बाई करते. पण त्या चर्चमध्ये गीत संपलं की मंडळी लगेच आमेन म्हणत नाही. जराशी थांबते. नवख्या माणसाला वाटतं, ही माणसं कुणाची तरी वाट बघताहेत. आणि ते खरंच आहे.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: दुखावलेल्या माणसाची रिकामी जागा आपल्याच मुठीनं भरू नये. ओढा उतरून त्याच्या दारात जावं. तोही बहुधा दार उघडं ठेवूनच बसलेला असतो.