परत करायचे शब्द

"बाबा, आपल्या देवाच्या गाण्यात गोंडांचे शब्द कशाला?"

अगदी असंच विचारलं होतं का, याची मानकू टेकाम यांना आता खात्री नाही. या वयात आठवण आपल्या सोयीनं वळते. आवाज मात्र चढला होता, एवढं पक्कं.

तेव्हा ते शहरात शिकून कोलामांच्या पोडावर, म्हणजे आपल्या वस्तीवर, परतले होते. लेतूबाबा तिथले पुजारी आणि त्यांचे गुरू. बाबांना आता दम पुरत नव्हता. येत्या पूजेला गाणं मानकूनंच म्हणायचं होतं. त्यातलं एक कडवं हरवलंय, असं सगळे म्हणत.

"हे शब्द काढले तरच गाईन."

"काढ ना बाप्पा."

"खरंच?"

"पण फेकू नको. ज्यांचे आहेत त्यांना नेऊन दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मानकू तणतणत ओढ्यापलीकडच्या गोंडांच्या गावात गेला. ओढ्यालगतच्या पहिल्याच घरी जैतूबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती.

"मावशी, तुमचे शब्द परत द्यायला आलोय."

"ठेव त्या सुपात," म्हातारी म्हणाली. "पण आमचेच कशावरून? गाऊन दाखव."

तो गाऊ लागला. तिनं मध्येच हात वर केला.

"अरे लेका, एक कडवं गिळलंस की!"

आणि ती गायली... हरवलेलं कडवं. जुन्या कोलामीतलं.

मानकू खालीच बसला. "तुला कुठून आलं हे?"

"सासूकडून. तुमचेच पुजारी आमच्याही देवाला गातात ना? बायकांच्या कानात राहिलं. आता भाकर खाऊन जा."

मानकू परतला तो जवळजवळ धावतच. बाबांनी डोळे मिटून कडवं ऐकलं.

"बाबा, मग त्या शब्दांचं काय करू?"

बाबांनी डोळे उघडले.

"आधी हे कडवं परत करून ये."

पूजेला मानकू गायला. एकही शब्द गाळला नाही.

पुष्कळ वर्षांनी जैतूबाईच्या लेकीकडून मानकूंनी एक गोष्ट पक्की करून घेतली. मानकू भांडला त्याच संध्याकाळी लेतूबाबा धापा टाकत ओढा ओलांडून तिच्या आईकडे आले होते. बसलेसुद्धा नाहीत. उभ्यानंच एवढं बोलून गेले :

"जैते, उद्या माझं पोरगं भांडायला येईल. त्याला उपाशी पाठवू नको."