लावीचं इंग्रजी

पाखरांनाही इंग्रजीची हौस होती तेव्हाची गोष्ट. शाळेमागच्या गवतात एक लावी पक्षीण राहायची. आधी काम सांगायचं, मग ते कसं करायचं ते, अशी इंग्रजी वाक्यं तिने वर्गाच्या खिडकीखाली बसून पाठ केलेली. पिल्लांना ती मराठीत दटावेनाशी झाली.

एके दुपारी गवतावरून ससाण्याची सावली सरकली. तिथलं गवत विरळ होतं, म्हणून पिल्लांना बोरीखाली न्यायलाच हवं होतं. पण पातंही हलता कामा नये. "हळू सरका" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि सवयीने इंग्रजी बाहेर पडलं, "मूव्ह…"

'स्लोली' अजून घशातच होतं, तोवर पिल्लं सैरावैरा पळत सुटली. ससाणा दगडासारखा खाली आला. पिल्लं कशीबशी काट्यांत घुसली. धाकट्याच्या पाठीची पिसं मात्र ससाण्याच्या नखांत गेली.

"आई, तू हळू म्हणालीच नाहीस," धाकटा कापत म्हणाला.

"म्हणाले रे. तू ऐकायला थांबलास कुठे?"

"सावली बघून कोण थांबतं गं?"



त्यानंतर सावली दिसली की ती एवढंच पुटपुटायची, "हळू." पळायचं ते पिल्लांना भीतीच सांगायची. कसं, तेवढं आईला सांगावं लागायचं.