आंबेखिंडीचा नाकेदार नासतो कशानं?

आंबेखिंडीच्या जकात नाक्यावर चांगला माणूस टिकेचना! खिंडीतून मिठाचे बैल जायचे, कापडाच्या गाड्या जायच्या, आणि तिथला नाकेदार बघता बघता हात ओले करून घ्यायला शिकायचा.

हैबतराजे पडले हट्टी. "माणूसच नासका निघाला!" म्हणायचे आणि दुसरा धाडायचे. एकदा त्यांनी चक्क शास्त्रीबुवांना नाक्यावर बसवलं. बुवांनी चातुर्मासात कांदा सोडला होता, पण व्यापाऱ्यांकडून येणारं तूप काही त्यांना सुटेना. मग राजांनी नाकेदारावर नजर ठेवायला आणखी एक माणूस नेमला. झालं! पूर्वी व्यापाऱ्यांना एकाला द्यावं लागे, आता दोघांना द्यावं लागू लागलं.

शेवटी राजांनी सटवाजीला निवडलं. सटवाजी म्हणजे बयजा कासारणीचा नवरा. माणूस सरळ, म्हणजे इतका सरळ की बाजारात बायको घासाघीस करायला लागली की हा लाजून दूर जाऊन उभा राहायचा. राजांनी त्याला बजावलं, "तूही नासलास, तर गाढवावरून धिंड काढीन!"

सटवाजी चोख राहिला. गणपती गेले, पितरं जेवली, आणि दसरा तोंडावर आला तसा त्याचा चेहरा उतरला. एका संध्याकाळी तो चुलीपाशी येऊन बसला.

"बयजे, उद्या मी कापडवाल्या शेटजींकडून चांदीचं तबक घेणार आहे."

"काय? आधी तोंड धुऊन या!"

"अगं, दसऱ्याच्या दरबारात सगळे अंमलदार राजांना नजराणा देतात. जेवढं तबक मोठं, तेवढी बैठक पुढे. रिकाम्या हातानं जाईल तो दारातल्या जोड्यांपाशी बसतो, आणि दिवाळीच्या आत त्याची नेमणूक जाते. माझ्या पगारात कुठलं आलंय तबक? शेटजी आपणहून म्हणाले, 'घ्या हो, दसऱ्याला लागेलच!' आजवरचे सगळे नाकेदार असंच करत आले."

बयजेनं हातातली फुंकणी खाली ठेवली. नवरा वाईट नव्हता, आणि तरी उद्या तो चोर होणार होता! मग गाढव आणि धिंड ठरलेलीच. ती म्हणाली, "दसऱ्यापर्यंत कुणाची सुपारीसुद्धा घेऊ नका. पुढचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी ती राणीसाहेबांना बांगड्या भरायला वाड्यात गेली. राजे तिथंच येरझारा घालत होते.

"कासारणी, तू गावभर हिंडतेस. सांग, माझ्या नाकेदारांना नासवतो तरी कोण? त्या चोराला माझ्यासमोर उभं कर!"

"करते की! पण चोर कुणीही निघाला, तरी रागवायचं नाही."

"दिला शब्द. दसऱ्याच्या दरबारात चोर दाखव. नाही दाखवलास, तर नवऱ्याबरोबर तूही गाढवावर!"

"बरं, महाराज," बयजा म्हणाली आणि तिनं राणीसाहेबांच्या मनगटात पुढची बांगडी भरली.

दसऱ्याला दरबार भरला. कोठीवाले भलंमोठं तबक घेऊन आले. "या, या, पुढे बसा!" राजे म्हणाले. फौजदार आणखी मोठं घेऊन आले. त्यांना राजांनी थेट आपल्या गादीशेजारी बसवलं. मग आला सटवाजी. हातात फक्त आपट्याची पानं. "सोनं घ्या, महाराज." राजांनी पानांकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि भुवईनंच दाराकडे खूण केली. सटवाजी मुकाट्यानं जोड्यांपाशी जाऊन बसला.

नजराणे संपले तशी राजांनी हाक मारली, "हं, कासारणी! कुठाय तुझा चोर? का आणवू गाढव?"

"चोर हजर आहे, महाराज. आत्ताच त्यानं माझ्या नवऱ्याला जोड्यांपाशी बसवलं!"

"कुणी बसवलं रे?" राजे गरजले.

चोपदाराची बोबडी वळली. "म-महाराज, आपणच. भुवईनं."

राजे लालबुंद झाले. "मी? अरे, मी त्या नाक्यावर कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही!"

"पाऊल कशाला टाकायला हवं? तबकाकडे बघून इथं बैठक मिळते, म्हणून तिथं तबक मागितलं जातं! माझा धनी इतके दिवस चोख राहिला आणि दसरा जवळ येताच पाघळला. तुम्ही नाकेदार बदलता, त्यांच्यावर माणसं बसवता, आणि स्वतः मात्र इथं तबकांची वाट बघत बसता!"

"याला पुरावा काय?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? विचारा की, यातलं एक तरी तबक कुणी आपल्या पगारातून आणलंय का!"

राजांनी दरबाराकडे पाहिलं. कोठीवाल्यांना खोकल्याची उबळ आली. फौजदार छताची नक्षी बघू लागले.

मग राजांचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि ते खदाखदा हसत सुटले.

"म्हणजे गाढवावर मीच बसायचं म्हण की!"

"छे छे, महाराज! त्या बिचाऱ्या गाढवानं काय पाप केलंय?"

आता सगळा दरबारच हसला. राजे डोळे पुसत म्हणाले, "जिंकलीस गं बाई! बोल, काय देऊ?"

"द्यायचं राहू द्या, महाराज. घ्यायचं तेवढं सोडा!"

राजे पुन्हा हसले आणि खरंच उठले. सगळी तबकं ज्याची त्याला परत पाठवा, असा त्यांनी हुकूम सोडला. यापुढे दसऱ्याला आपट्याच्या पानांखेरीज काही आणायचं नाही, हेही बजावलं. सटवाजीला हाताला धरून गादीशेजारी बसवलं आणि त्याची पानं कपाळाला लावली. बयजेसाठी राणीसाहेबांनी आतून जरीची पैठणी धाडली.

पैठणी मात्र बयजेनं लगेच घेतली. ती काही नाकेदार नव्हती!