पोशाची मोजणी

शके अठराशे तीन, कार्तिक शुद्ध अष्टमीची सकाळ. पाऊस जाऊन महिना झाला होता आणि दर्या तेल ओतल्यासारखा गुळगुळीत पडला होता. त्या सकाळी मुरवणे बंदरातून जोमा तांडेलाची होडी बाहेर गेली. ती परत आली नाही.

मुरवण्यात तेव्हा पोशा नावाचा म्हातारा होता. त्याच्याकडे होडी नव्हती, जाळं नव्हतं. मोजणी होती. गावाच्या दक्षिणेला काळटोक नावाचा खडक समुद्रात घुसला आहे, त्याच्यापुढे सगळा उघडा दर्या. पोशा रोज पहाटे तिथे कमरेइतक्या पाण्यात उभा राही आणि डोळे मिटी. एक लाट अंगावरून गेली की दुसरी येईपर्यंत आकडे मोजी. सात आले, आठ आले, तर भीती नाही. पण वारा नसताना बारा-तेरा आले, म्हणजे नजरेच्या पलीकडे कुठेतरी मोठं तुफान उठलं आहे आणि त्याची लाट त्याच्या आधी चालत आली आहे. पोशा "जा" म्हणाला की होड्या जात. "नको" म्हणाला की नांगर उचलला जात नसे. त्याच्या पोटऱ्यांत माशाचं रक्त होतं, असं म्हणतात.

त्या अष्टमीला पोशाचा गुडघा सुजला होता. काळटोकापर्यंत अर्ध्या कोसाची खडकाळ वाट. तो गेला नाही. जवळच खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरला आणि तिथेच मोजलं. सात आले. तो म्हणाला, "जा."

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. बाहेरून आलेली लांब लाट त्या दांड्यावर फुटते आणि तिचे तुकडे होऊन आत येतात. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोशाला तर ठाऊक होतंच.

दुपारी आभाळ तांब्याच्या रंगाचं झालं. रात्र झाली तेव्हा माड मोडत होते. चौथ्या दिवशी जोमाच्या होडीच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या. खलाशी फळ्यांना धरून वाचले. जोमा मिळाला नाही.

जोमाची बायको हौसा. तिने आरडाओरड केली नाही. ती पोशाच्या खोपटापाशी जाऊन उभी राहिली.

"काका, मोजायला कुठे उभे होतात?"

"खाडीच्या तोंडाला."

"का?"

"गुडघा दुखत होता."

हौसाने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माझा माणूस मला परत द्या," ती म्हणाली आणि निघून गेली.

पोशाने त्याच दिवशी खोपट मोडलं आणि काळटोकावर नेऊन बांधलं. त्यानंतर तो गावात राहिला नाही. लोक म्हणत, तो उन्हापावसात उभाच असतो, झोपतो तोही मोजत झोपतो. त्याच्या अंगावर खडकाला धरतात तशी कालवं धरली होती, असं म्हणतात.

पण माणसाचा एकदा हात भाजला की तो राखेलाही भितो. पहाटे गावातलं पोर काळटोकावर विचारायला जाई, आणि पोशा आता दहा आले तरी "नको" म्हणू लागला. होड्या किनाऱ्यावर बसून राहत आणि दर्या दिवसभर शांत असे. पहिल्या वर्षी लोक गप्प बसले. दुसऱ्या वर्षी कुरकुरले. पुढे पुढे तर त्याचा "नको" ऐकून हसायला लागले आणि शीड उभारून जाऊ लागले. सात वर्षांत पोशाची मोजणी कोणाच्या कामाची उरली नाही.

शके अठराशे दहा. वैशाख वद्य सप्तमी. पावसाळ्याआधी होड्या वर ओढायचे दिवस. हौसाचा भाऊ लाडकू तिच्या घरी राहून जोमाचा धंदा चालवीत होता. घरात कमावता तोच. त्याला शेवटची एक खेप करायची होती. पोशा लंगडत लंगडत किनाऱ्यावर आला. सात वर्षांनी आला.

"चौदा," तो म्हणाला. "आजवर चौदा कधी मोजले नाहीत. जाऊ नको."

लाडकू हसला. "काका, लाटा मोजल्या का खडकावरचे खेकडे?"

"लाटा."

"गेल्या महिन्यात तेरा मोजलेत. आमची जाळी वाळली आणि तुमचं तुफान वाटेतच निजलं!"

खलाशी खिदळले. पोशा हौसाकडे वळला. "तू थांबव त्याला, गो. माझं नको ऐकू. तुझं ऐकेल."

हौसा म्हणाली, "तुमचं ऐकून नवरा घालवला. आता तुमचं ऐकून भावाची भाकरी घालवू?"

लाडकू गेला. हौसाने पाठ फिरवली. पण घरी जाईना. तिथेच वाळूवर बसली, कारण पोशाच्या डोळ्यांत तिने त्या दिवशी भीती पाहिली नव्हती. खात्री पाहिली होती.

दुपार टळायच्या आत वारा फिरला. पाऊस आडवा लागला. दर्या आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसली गेली. हौसा खाडीच्या तोंडाशी धावली. दांड्यावर लाटा फुटत होत्या, एकीमागून एक, घराएवढ्या. त्यांच्यापलीकडे लाडकूची होडी दिसत होती, शीड फाटलेलं. आत यायला एकच अरुंद वाट होती, आणि ती फेसात दिसत नव्हती. चुकीच्या लाटेवर होडी आली की दांड्यावर आपटणार.

तेव्हा तिला पोशा दिसला. तो लांब वाशाला पांढरं धोतर बांधून दांड्यावर चालत होता, सुजल्या पायाने. वाटेच्या कडेला जाऊन त्याने वासा वाळूत रोवला आणि छातीइतक्या पाण्यात तोंड दर्याकडे करून उभा राहिला. या वेळी दोन लाटांमधले आकडे नाही, लाटाच मोजू लागला. त्याचा आवाज वाऱ्यावर चढला. पलीकडच्या तीन गावांत चुलीपुढच्या बायांनी तो ऐकला, असं म्हणतात. प्रत्येक लाट त्याच्या डोक्यावरून जाई आणि खाली गेली की पुढचा आकडा ऐकू येई.

लाडकूने पांढरं धोतर पाहिलं. होडी वाशाच्या रोखाने वळवून धरली.

"बारा! तेरा!" पोशा ओरडला. चौदावी लाट आली, ती त्या दिवसाची सगळ्यांत मोठी. ती गेल्यावर दर्या दमला. दम घ्यायला लागतात तेवढेच, चार श्वास.

"ये!"

होडी त्या चार श्वासांत वाटेत शिरली. पोशाच्या बाजूने जाताना लाडकूने वल्हं पुढे केलं. "काका, धरा!"

"आधी आत जा," पोशा म्हणाला. वल्ह्याला हात लावला नाही.

होडी आत आली. सगळ्यांनी मागे पाहिलं. वासा उभा होता. पोशा नव्हता. त्याचा देह कुठल्याच किनाऱ्याला लागला नाही. तुफानाच्या आदल्या दिवशी काळटोकावर कोणीतरी आकडे मोजतं, असं म्हणतात.

मुरवण्यात आजही मोसमाच्या पहिल्या दिवशी तांडेल काळटोकावर जातो. पाय कितीही दुखो, चालत जातो. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून चौदा आकडे मोजतो, मग होड्या निघतात. खाडीच्या तोंडाशी कोणी मोजत नाही. तिथे कोणी पायसुद्धा धूत नाही.

पहिल्यांदा काळटोकावर तांडेल गेला नव्हता. हौसा गेली होती. तुफान ओसरलं त्या सकाळी, लुगडं खोचून, ती काळटोकाच्या पाण्यात उतरली. उघड्या दर्याकडे तोंड करून उभी राहिली.

"लाडकू घरी आला, काका," ती म्हणाली. "फिटलं."