एका शिताचा संसार

एका गावात मुकिंदा नावाचा एक भोळा राहत होता. गावात भोळे पुष्कळ होते, पण कॉलेजात जाऊन संख्याशास्त्र शिकणारा हा एकच.

शिकण्याला कारण होतं. शेजारच्या गावच्या बाबाजी खरमाळ्यांची केसर त्याने पाहिली होती. चहा-पोहे झाले. बाबाजींनी निरोप धाडला, "पोरगा कॉलेजच्या परीक्षेत पास झाला, की मुलगी दिली." मुकिंदाच्या आत्याने लगेच अक्षता रंगवून ठेवल्या. आत्यानेच त्याला लहानाचा मोठा केला होता, तरी तिला आशा होती.

कॉलेजात टिपरे मॅडमनी पहिलं काम दिलं. "गावात दर घरी सरासरी माणसं किती, ते काढून आण."

मुकिंदा चारशे बारा घरं फिरला. तीन आठवडे लागले. तोवर बाकीच्यांचं ते काम कधीच तपासून झालं होतं.

मॅडम म्हणाल्या, "अरे, शितावरून भाताची परीक्षा करतात. सगळा भात कशाला चिवडायचा? थोडी घरं विचारायची, बाकीची तशीच धरायची."

"बरं मॅडम."

दुसरं काम आलं. गावात सर्वात जास्त दूध देणारी म्हैस कोणती, ते शोधायचं. मुकिंदा अर्ध्या तासात परत.

"सर्वात जास्त दूध चिंधाबाईच्या म्हशीचं, मॅडम. सर्वात कमीही तिचंच."

"आणि बाकीच्या म्हशी?"

"बाकीच्या तशाच धरल्या."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मुकिंदा समोर होताच. "अरे बाबा, सर्वात मोठं शोधायचं तर एकूण एक तपासावं लागतं! एकही वगळायचं नाही!"

"बरं मॅडम."

तिसरं काम. शेतातल्या कलिंगडांत गोड किती, ते सांगायचं. आत्याच्या शेतात एकशे चाळीस कलिंगडं काढून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी बाजारात जायची होती. मुकिंदाने कोयता घेतला. एकही वगळलं नाही.

"सगळी गोड होती, मॅडम."

"होती?"

"आता माश्या बसल्यात."

"अरे, जे तपासून नासतं, त्यातलं एखादंच कापावं! मघाशी काय सांगितलं होतं? शितावरून भात!"

"मघाशी नाही मॅडम. पहिल्या कामाला."

आत्याने आठ दिवस दोन्ही वेळा कलिंगड खाल्लं.

मग परीक्षा आली. दहा प्रश्न, प्रत्येकाला दहा गुण. मुकिंदाने उत्तरपत्रिका उघडली. पांढरीशुभ्र, स्वच्छ पानं. लिहिली की नासणार. त्याने पहिला प्रश्न सोडवला आणि खाली लिहिलं, 'बाकीचे नऊ असेच धरावेत.'

उत्तर अगदी बरोबर होतं. मॅडमनी दोनदा तपासलं, कारण त्यांचा विश्वास बसेना. दहापैकी दहा दिले.

मुकिंदा पेपर घेऊन थेट बाबाजींच्या ओट्यावर.

बाबाजींनी पेपर उलटापालटा केला. "शंभरात दहा?"

"एका प्रश्नाला दहापैकी दहा, मामा. असे दहा प्रश्न. शितावरून भाताची परीक्षा."

बाबाजींनी पेपर घडी करून परत दिला. मग हात जोडून म्हणाले, "अहो पाहुणे, आमच्या केसरच्या हातचा एक कप चहा प्यायलात ना त्या दिवशी?"

"प्यायलो की."

"मग झाला तुमचा संसार! तेच शीत. बाकीची चाळीस वर्षं तशीच धरा. निघा आता."

मुकिंदाला पटलं. इतकं सोपं त्याला आजवर कुणीच समजावलं नव्हतं. तो घरी आला. आत्या दारातच उभी होती, हातात अक्षतांची वाटी.

"काय रे, काय म्हणाले? लग्न कधी?"

"वाटी आत ठेव, आत्या. लग्न झालं, चाळीस वर्षांचा संसारही झाला." मुकिंदा चपला काढत म्हणाला, "चांगला होता. साखर तेवढी कमी होती."