कपाटातला नारिंगी जग

एकदा एक वृद्ध कलाशिक्षक आपल्या आवडत्या शिष्याच्या घरी जेवायला गेले. शिष्य आता नामांकित सजावटकार झाला होता, आणि जुन्या इटालियन वस्तूंचे त्याला विलक्षण वेड होते. साठ वर्षांपूर्वीचे घड्याळ, राखदाणी, टेबलावरचा दिवा आणि मधोमध नारिंगी प्लास्टिकचा एक पाण्याचा जग, असा सारा संसार त्याने काचेच्या कपाटात कुलूपबंद मांडला होता. एकदा देव्हाऱ्यात बसवल्यावर बिचाऱ्या जगाला पाणी कोण दाखवणार?

"सर, जगाची ही मूठ पाहा. एक रेघ जादा नाही!" शिष्य पाने वाढून होईपर्यंत मुठीचेच गुणगान करीत होता.

जेवताना शिष्याची आई मठ्ठा वाढायला आली. संधिवाताने तिची बोटे आखडली होती. जड पितळी तांब्या हातात डगमगला आणि मठ्ठा गुरुजींच्या पानात आणि टेबलावर सांडला.

"आई, किती वेळा सांगितलं, तू वाढायला येत जाऊ नकोस! चारचौघांत शोभा होते," शिष्य खेकसला. म्हातारी ओशाळली आणि पदरानेच टेबल पुसू लागली.

गुरुजी उठले. त्यांनी कपाटाची किल्ली मागून घेतली, तो नारिंगी जग काढला, विसळला आणि तांब्यातला मठ्ठा त्यात ओतला.

"सर, हळदीची फोडणी आहे! डाग पडेल!"

गुरुजींनी जग आईच्या हाती दिला. मूठ चांगली ऐसपैस होती. बोटे न वळवताही तिचा पंजा आत सहज मावला. तिने सर्वांना मठ्ठा वाढला. थेंबही सांडला नाही.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "अरे, तू रेघा मोजल्यास. ही मूठ घडवणाऱ्याने दुखरा हात डोळ्यांसमोर ठेवला होता. त्याने तुझ्या आईला कधी पाहिलं नाही. तू तर रोज पाहतोस."

शिष्याची मान खाली गेली.

जेवणे आटोपल्यावर आईने जग घासला, कोरडा केला आणि दोन्ही हातांनी जपून त्याच्यापुढे धरला. "घे बाळा, ठेव आत. डाग नाही हो पडू दिला."

त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "राहू दे तुझ्याजवळ," एवढेच तो म्हणाला, आणि तेही तिच्याकडे न पाहता.