होडीवरचा थर

“मग भेटत का नाहीस त्याला?”

मठातल्या भानुबुवांनी विचारलं तेव्हा रेवण काठावर उपड्या घातलेल्या होडीशी उभा होता.

“भेटून काय करू, बुवा? माझ्या मनात राग उरला नाही. लोभही नाही. आता मला काही चिकटतच नाही.”

मठात येण्याआधी रेवण रंगाच्या कारखान्यात होता. बाप गेला त्या साली थोरल्या भावाने, मल्लाप्पाने, त्याला भर गावात दंडाला धरून घराबाहेर काढलं होतं. ‘तू आमचा कुणी नव्हेस,’ म्हणाला होता. आज तोच मल्लाप्पा सकाळीच याच होडीतून नदी ओलांडून आला आणि मठाच्या ओसरीवर येऊन बसला. माफी मागायची आहे, एवढंच त्याने बुवांना सांगितलं.

आणि आजच संध्याकाळी रेवणला दीक्षा मिळायची होती.

“बघा, मन असं झालंय.” रेवणने ओंजळभर पाणी होडीच्या पोटावर टाकलं. पाण्याचे गोल गोल मणी झाले आणि घरंगळून गेले. लाकूड कोरडंच.

“हा थर मी स्वतः बनवला, बुवा. थर टणक करणारं हार्डनर माझ्या मापाने घातलं. कारखान्यात आम्ही थराच्या कडकपणाची पेन्सिलीने पारख करायचो. याच्यावर कडकातली कडक पेन्सिल दाबून ओढली, तरी रेघ उठली नाही.”

“आणि हे काय?”

बुवांचं बोट होडीच्या कण्याजवळ टेकलं. तिथे वीतभर ओरखडा होता. आत लाकूड उघडं पडलं होतं आणि पाणी पिऊन काळवंडत होतं.

“त्याचंच काम. उतरायच्या घाईत एका कडेला गेला. होडी खडकावर घासली.” रेवणचा आवाज चढला. “जाईल तिथं नासधूस करतो तो.”

“चिकटलं वाटतं काहीतरी,” बुवा म्हणाले.

रेवणचे कान तापले.

“बुजव ते. त्याच डब्यातल्या रंगाचा हात दे.”

रेवणने डबा आणला, ब्रश बुडवला, ओरखड्यावरून आणि त्याच्या कडांवरून नीट फिरवला. लाकडावर थोडा थर बसला. पण कडेला पोचताच तो आक्रसला, त्याचे थेंब झाले आणि ते ओघळून खाली वाळूत पडले.

त्याने पुन्हा हात दिला. पुन्हा ओघळला.

आता तो घाईघाईने ब्रश मारू लागला. कपाळावरचा घाम नाकावर उतरला. कडा उघड्या त्या उघड्याच.

“का रे?”

“जुना थर... धरत नाही, बुवा.”

“परक्याला?”

रेवणने डब्याकडे पाहिलं. ब्रश हातात तसाच राहिला.

“नाही... आपल्यालाच. हा त्याच डब्यातला आहे.”

नदीवरून वारा आला.

“मग लाकूड सडू द्यायचं?”

“नाही.” कडेवरून बोट फिरवत रेवण म्हणाला. “वरची चकाकी घासून काढावी लागेल. पृष्ठभाग खरबरीत झाला तरच नवा हात बसेल.”

बुवा खाली वाकले. सामानातला पॉलिश पेपर उचलून त्यांनी रेवणच्या तळहातावर ठेवला आणि मठाकडे चालू लागले.

“बुवा...” रेवणने हाक मारली. “संध्याकाळी माझी दीक्षा...”

बुवा थांबले नाहीत.

रेवण हातातल्या खरबरीत कागदाकडे बघत राहिला. मग धावत मागे गेला.

“बुवा, सुरुवात कुठून करू?”

“ओसरीवरून,” बुवा म्हणाले. “सकाळपासून उपाशी बसलाय तो.”